एलिसेओने दिलेली चूक

मोसमातला शेवटचा सामना आम्ही पाच-चारने जिंकलो, तरी सान पेद्रोत आमच्या गल्लीत कुणी नाचलं नाही. सगळे एलिसेओ न्हाव्याच्या नावाने खडे फोडत होते.

एलिसेओचं दुकान माझ्या किराणा दुकानाला लागूनच आहे. सकाळी तो केस कापतो आणि संध्याकाळी बेसबॉलच्या मैदानावर अधिकृत नोंदी ठेवतो. फलंदाज पहिल्या तळावर, म्हणजे बेसवर, पोहोचला तो स्वतःच्या फटक्यामुळे की क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे, हे एकटा एलिसेओ ठरवतो. फटका ठरला तर फलंदाजाची सरासरी वाढते, चूक ठरली तर घटते. एरवी हा माणूस इतका गप्पिष्ट, की गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून बोलत बसेल. पण सामना चालू असला की शेंगदाणासुद्धा तोंडात टाकत नाही. म्हणे, नजर खाली जाते.

त्या दिवशी शेवटच्या डावात देईवी खेळायला आला. देईवी एलिसेओचा धर्मपुत्र, बाप्तिस्म्याला त्यानेच हातावर धरलेला. मेक्सिकोतल्या एका संघासाठी खेळाडू हेरणारा बाल्दोमेरो गावात आला होता. हजार खेळींमागे तीनशे फटक्यांची सरासरी असेल तर पोराला नेतो, असं तो म्हणाला होता, आणि तीनशे गाठायला देईवीला एकच फटका हवा होता. देईवीने मारलेला चेंडू सरपटत तिसऱ्या तळावरच्या खेळाडूकडे गेला आणि त्याच्या हातमोज्यातून निसटला. विजयी धाव निघाली. आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो, आणि तेवढ्यात फलकावर आलं: चूक. देईवी दोनशे त्र्याण्णववर अडकला.

निर्णय बदलायला दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मुदत असते. सकाळी उठल्या उठल्या देईवीचा बाप फाउस्तो न्हाव्याच्या खुर्चीत येऊन बसला. पोराचा बाप आणि धर्मबाप, दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणतात, सख्ख्या भावांपेक्षा जवळचे.

"कोंपाद्रे, बदल."

"काय बदलू? तो चेंडू माझ्या आजीनेही अडवला असता."

"तुझ्या आजीला मेक्सिकोला जायचं नव्हतं! असल्या धर्मबापापेक्षा पोराला धर्मबाप नसता तर बरं झालं असतं."

मीही तोंड घातलं. "एलिसेओ, एक फटका दिलास तर काय आभाळ कोसळणार आहे का रे?"

तो वस्तऱ्याला धार लावत राहिला. मग फाउस्तोने दुकानाच्या दारातच स्टूल टाकलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटला, "आज न्हाव्याला दिसत नाहीये बरं का, कान कापेल." दुपारपर्यंत एक डोकं म्हणून आत गेलं नाही.

दुपारी एलिसेओ माझ्याकडे कॉफी घ्यायला आला.

"नूरिस, मला द्यायचा होता गं त्याला तो फटका. डोळे मिटले की तो चेंडू परत परत बघतो. दर वेळी मोज्यातूनच निसटतो मेला."

मला माझ्या सकाळच्या बोलण्याची लाज वाटली. पण देईवीचा चेहराही डोळ्यांसमोर होताच.

ऊन उतरताना बाल्दोमेरो आला. फाउस्तो नेहमीचं पालुपद सुरू करणार, तोच बाल्दोमेरो सरळ न्हाव्याच्या दुकानात शिरला.

"देईवी तुमचा कोण?"

"धर्मपुत्र," एलिसेओ म्हणाला.

"आणि त्याला चूक दिलीत?"

"चूक होती."

बाल्दोमेरो खुर्चीत टेकला. "गावोगावचे तीनशेवाले मी उचलून नेतो. तिकडे पोहोचले की निम्मे दोनशेवर आडवे होतात. का? तर नोंदी ठेवणारा कुणाचा तरी मामा असतो. ह्या पोराचे दोनशे त्र्याण्णव खरे आहेत. कुठाय तो?"

फाउस्तो स्टुलावरून ताडकन उठला. मग तो गल्लीच्या तोंडाशी जाऊन घसा फुटेस्तोवर ओरडला, "देईवी! अरे देईवी! इकडे ये, लेका!" आणि धापा टाकत परत येऊन त्याने एलिसेओला मिठीच मारली.

"तरीपण फटकाच होता तो," तो म्हणाला.

"चूक होती," एलिसेओ म्हणाला, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागला.