आशा पुढे, हंडे मागे

दर रविवारी गोंदियाहून मोटारसायकलवर येणाऱ्या आमच्या पास्टरांचं मराठी पुस्तकी. सगळा घोटाळा त्यातून झाला.

चिचगडच्या पुढे जंगलाला लागून आमचा टोला, म्हणजे छोटी वस्ती. टोल्यात एकच बोरिंग, म्हणजे सरकारी हातपंप. माजी सरपंचांनी घराचं कंपाउंड वाढवता वाढवता तो आत घेतला आणि फाटकाला कुलूप घातलं. बाया नाल्यात झिरे खोदून पाणी भरू लागल्या. आम्ही मूठभर ख्रिस्ती घरं प्रार्थना करत होतो. प्रार्थनेत आमचा हात कोणी धरणार नाही, पण फाटकाकडे जायचं म्हटलं की सगळ्यांना कामं आठवत.

त्या रविवारी पास्टर चिडले. आशा म्हणजे हातावर हात ठेवून स्वर्गाची वाट बघणं नव्हे, म्हणाले. येशू कबरेतून उठला हे मानता आणि एका कुलपाला भिता? आशेला पुढे करा, तिच्यामागे चला, अन्यायाच्या दारात उभे राहा.

सोमवारी सकाळी अख्खी मंडळी हंडे घेऊन आमच्या अंगणात. कारण टोल्यात आशा एकच: माझी आई, आरोग्य खात्याची आशाताई. पोलिओची फेरी होती, ती निळी पेटी खांद्याला लावून निघतच होती.

मी समजावलं, पास्टरांना माझी आई नाही, मनातली आशा म्हणायची होती. कमरेत वाकलेली एक आजी म्हणाली, "मनातली त कवापासून हाय. ते कुठी चालून राहिली?"

आईचा चेहरा उतरला. माजी सरपंचांच्या एका फोनवर तिचं काम जाऊ शकत होतं, आणि आमचं घर त्याच कामावर चालायचं. मला तर रडूच यायचं बाकी होतं. पण त्या घरात लहान नातू होता, त्याला थेंब पाजायचेच होते. आई निघाली, मागे हंडे.

फाटकाआडून माजी सरपंचांनी स्वतः सांगितलं की घरात कोणी नाही. आईने नियमाप्रमाणे खडू काढला आणि फाटकावर फुली मारली. पोलिओवाले बंद घरावर फुली मारतात, आणि फुलीच्या घरी परत जावंच लागतं. आम्ही परत गेलो. त्यांनी फुली पुसली होती, आईने पुन्हा मारली. एकदा तर ते ओसरीत चहा पीत बसले होते; कप खाली न ठेवता म्हणाले, कोणी नाही.

शेवटी त्यांची सूनच कंटाळली. कुलूप काढून पोराला घेऊन आली. आई थेंब पाजते तोवर हंडे आत शिरले. सासरे धावत आले, तुझी नोकरी खातो म्हणाले. आई पेटी खांद्याला लावत म्हणाली,

"नोकरी खासान त खा. पर बोरिंग टोल्याचं हाय. कुलूप लागलं त मी उद्या बी येईन."

कुलूप लागलं नाही. फोन झाला की नाही, अजून कळलेलं नाही. आई रोज वाट बघते आणि रोज कामावर जाते.

पुढच्या रविवारी पास्टरांनी त्या उघड्या फाटकापाशी गाडी थांबवली आणि खडूची फुली निरखून बघितली. हा तिरपा क्रूस कोणी काढला, त्यांनी विचारलं.

हंडा भरता भरता आजी म्हणाली, "आशेनं."