दादाचा पाय हालला

पावसाच्या आधी घरावरची कवेलू फेरायची, म्हणजे फुटकी कौलं बदलून नीट लावायची, ही आमच्या बालाघाटातली दरसालची कटकट. ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात हेच काम करताना माझा थोरला भाऊ छपरावरून पाठीवर पडला. नागपूरच्या डॉक्टरांनी मणका मोडल्याचं सांगून काही दिवसांनी घरी पाठवलं. कमरेखाली दादाला काहीच कळत नव्हतं. पाय ओल्या धोतरासारखे लुळे. तो परत चालावा, एवढंच आईचं मागणं होतं.

आई रोज मोहाच्या बियांचं तेल लावून ते पाय चोळायची. अर्धा पावसाळा सरला आणि एका सकाळी, तळवा चोळता चोळता, दादाचा गुडघा झटक्याने वर आला.

"पाह्य व, हालला!" आई ओरडली. मला रडूच कोसळलं.

मग काय, घरात जत्रा! देवीची ओटी भरली. लांजीला माहेरी गेलेल्या वहिनीला निरोप धाडला, तीही आली. जो येईल त्याला आई चहा द्यायची आणि तळव्यावर नख ओढून पाय उडवून दाखवायची. लोक खूश. दादा मात्र तोंडावर टॉवेल ओढून घ्यायचा. मला त्या बघ्यांचा संताप यायचा, पण पाय उडाला की मीही डोळे भरून पाहायचे.

एक दिवस गावातले डॉक्टर आले. त्यांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय ताडकन उडाला. आईने मोठ्या तोऱ्यात आमच्याकडे पाहिलं.

"आता डोळे मिटा," डॉक्टर दादाला म्हणाले. "मी कोणता पाय धरलाय?"

"धरला का?" दादाने मिटल्या डोळ्यांनी विचारलं. डॉक्टरांनी त्याचा अंगठा चांगला चिमटीत दाबून धरला होता.

"बाई," ते आईला म्हणाले, "पाय आणि कण्याचा खालचा भाग यांचं आपसातच चाललंय. डोक्याचा हुकूम खाली पोचत नाही, आवरही बसत नाही. म्हणून पाय एवढा उसळतो. हा चालेल असं धरून बसू नका."

ते गेल्यावर आईने पुन्हा तेलाची वाटी घेतली आणि दादाला म्हणाली, "डाक्टरले काय समजते? हालव बाप्पा, एकदा तूच हालव."

दादाने तोंडावर परत ओढलेला टॉवेल बाजूला केला. "आई, तू हात लावला तं हालते. मी रोज सांगून राह्यलो त्याले. तो माह्यं ऐकतच नाही."

आईने पुढे कित्येक वर्षं मालिश केली. तळव्याला मात्र तिने परत कधी हात लावला नाही.