क्रोटनची हवापालट

सगुणाबाईंच्या वाडीला दोन पिढ्यांपासून क्रोटनचंच कुंपण. त्याला कधी कुणी पाणी घातलं नाही की विचारलं नाही, तरी ते आपलं रंगीबेरंगी उभं. त्यामुळे लेक भार्गवी मुंबईहून चिनीमातीच्या कुंडीत एक क्रोटन घेऊन रेवसच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा बाईंना हसूच आलं.

"आई, हे नाजूक जातीचं आहे, बाहेर नको हं. खाऱ्या वाऱ्याने करपेल. पूर्वेच्या खिडकीत ठेव आणि मुख्य म्हणजे जागा बदलू नकोस. जागा बदलली की पानं टाकतं."

भार्गवीच्या फ्लॅटमध्ये ऊन येत नव्हतं, म्हणून झाड माहेरी आलं.

अलिबागच्या कोर्टात बत्तीस वर्षं जबान्यांच्या नकला काढून निवृत्त झालेल्या सगुणाबाईंना सांगितलेलं काम चोख करायची खोडच होती. वरची माती सुकली की पाणी, आठवड्याला ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचं. महिन्याभरात झाड लाल-पिवळं तजेलदार झालं.

संध्याकाळी सातला भार्गवीचा व्हिडिओ कॉल यायचा. "आई, बरी आहेस ना?" "बरी आहे." की लगेच, "क्रोटन दाखव ना!" बाई फोन झाडाकडे वळवायच्या आणि स्वतः फोनच्या मागे उभ्या राहायच्या. "अगं बाई, नवं पान! कसलं गोड आहे!" इकडे बाईंचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. चष्मा नवा आला होता, तोही लेकीला दिसला नाही.

बाईंचा जळफळाट व्हायचा. साठी उलटलेल्या बाईने एका कुंडीचा मत्सर करावा, याची आधी त्यांना लाज वाटली. ती चार दिवस टिकली.

एकदा खिडकी धुताना त्यांनी कुंडी माजघरात सरकवली आणि तिथेच विसरल्या. चौथ्या दिवशी तीन पानं गळली. त्या संध्याकाळी भार्गवी चाळीस मिनिटं बोलली! बाईंना रात्री छान झोप लागली.

मग काय, झाडाची हवापालटच सुरू झाली. आज स्वयंपाकघरात, परवा देवघरात, नंतर जिन्याखाली. पानं टपाटप गळू लागली आणि फोन दिवसातून दोनदा येऊ लागला. जळो मेलं, म्हणत बाई पानं गोळा करायच्या आणि सातची वाट पाहायच्या.

एके दिवशी भार्गवी म्हणाली, "रविवारी येते आणि घेऊनच जाते त्याला."

झाड गेलं की फोन कशाला येणार? बाईंनी घाईघाईने कुंडी खिडकीत परत ठेवली, पण दोन दिवसांत पानं थोडीच फुटतात! रविवारी लेक आली, वालाचं बिरडं जेवली, आणि जेवताना सगळा वेळ तिची नजर त्या काटक्यांवरच.

परत जाताना धक्क्यावर लाँच लागलेली, भार्गवीच्या कडेवर कुंडी. बाईंना राहवलं नाही.

"भार्गवी, त्याला मीच हलवत होते. मुद्दाम."

"माहीत आहे. कधी मागे गॅसची शेगडी, कधी देव्हारा. फोनमध्ये सगळं दिसतं, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुझं विचारलं की 'बरी आहे', आणि गप्प. झाडाचं विचारलं की निदान बोलतेस तरी."

दुसऱ्यांच्या हजारो जबान्या उतरवलेल्या सगुणाबाईंवर आज स्वतःची जबानी द्यायची पाळी आली. लाँचवाल्याने हाक मारली.

"गुडघा दुखतोय," त्या म्हणाल्या. "दीड महिना झाला. जिना चढवत नाही."

भार्गवीने कुंडी खाली ठेवली. आईला बाकावर बसवून तिने साडीवरूनच गुडघा चाचपला. "केवढा सुजलाय हा! आणि चष्मा कधी बदललास?" ती रागावून बोलत होती आणि लाँच सुटून गेली, तिकडे तिने पाहिलंही नाही.

खाऱ्या वाऱ्यात क्रोटन तसंच उभं होतं. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, याची सगुणाबाईंनी दोनदा वळून खात्री करून घेतली.