गोलीच्या मास्कवर पेणचे डोळे

प्रल्हादला प्रश्न पडतात. इतरांना भूक लागते, झोप येते, तसे याला प्रश्न पडतात, आणि पडला की तो विचारून मोकळा होतो. विद्यार्थी म्हणून मेलबर्नला नवीनच आला होता, तेव्हा त्याने बसच्या ड्रायव्हरला विचारलं होतं, "उतरणारा प्रत्येक जण तुम्हाला थँक्यू म्हणतो, त्याचा कंटाळा नाही येत?" सिग्नल हिरवा झाला तरी तो बिचारा विचारच करत बसला. प्रल्हादची बायको सुचित्रा याला भोचकपणा म्हणते, तो स्वतः चौकसपणा म्हणतो. नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडा!

माणूस मूळचा पेणचा. घरचा गणपतीचा कारखाना, आणि वडील अण्णा आखणीतले उस्ताद. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळे रंग झाले, दागिने झाले, की सर्वांत शेवटी डोळे. श्वास रोखायचा आणि पापणीची रेघ एका दमात ओढायची. प्रल्हादचाही हात छान बसला होता, पण जग बघायची हौस भारी. स्प्रे पेंटिंगचा कोर्स करायला इकडे आला, पीआर झाला, म्हणजे कायमचा इथला झाला, आणि आता डँडेनॉन्गच्या एका वर्कशॉपमध्ये ठोकलेल्या गाड्या रंगवतो. गाड्यांना दिवे असतात, डोळे नसतात. त्यामुळे इकडे आल्यापासून आखणीचा ब्रश हातात धरायची वेळच आली नव्हती.

त्याची मुलगी रुचा पंधरा वर्षांची आणि खेळते काय, तर आइस हॉकी! पेणकराच्या घरात बर्फावरचा खेळ शिरला कुठून म्हणाल, तर मैत्रिणीच्या वाढदिवसाची पार्टी रिंकवर होती. रुचाला स्केटिंग धड जमेना, म्हणून पोरींनी तिला गोलमध्ये उभं केलं. आपल्याकडे गल्लीत लिंबूटिंबूला विकेटमागे उभं करतात ना, तसं. पण लिंबूटिंबू तिथेच रमलं, स्केटिंगही शिकलं आणि बघता बघता क्लबची गोली, म्हणजे गोलकीपर, झालं.

या खेळात चेंडू नसतो. पक असतो, म्हणजे रबराची जाड काळी चकती, गोठवून दगड केलेली. २०२० च्या मार्चमध्ये, रिंक बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या मॅचमध्ये, तो पक थेट रुचाच्या तोंडावर आला. मास्क होता, पण क्लबचा, उसना आणि ढगळ. नाक सुजलं, थोडं रक्त आलं. "आय'म फाइन," म्हणत ती पुन्हा उभी राहिली.

प्रल्हादने फोनवर काढलेला त्या मॅचचा व्हिडिओ घरी दहादा पाहिला. डोळ्यांतलं कळणारा माणूस तो. मार लागल्यानंतरच्या प्रत्येक शॉटला, पक सुटला रे सुटला, की जाळीमागे रुचाचे डोळे गच्च मिटत होते.

"रुचा, हा कुठून आला गं? डावीकडून की उजवीकडून?" त्याने एका शॉटवर बोट ठेवून विचारलं.

"आय डोन्ट नो."

"आणि हा?"

"बाबा, आय डोन्ट नो, ओके?" ती ओरडली आणि मग एकदम खाली बसली. "मला माहितीये मी डोळे मिटते. मी नाही मिटत, ते मिटतात. समरमध्ये स्टेट टीमच्या ट्रायल्स आहेत. डोळे मिटणारी गोली कोण घेणार?" तिचे डोळे भरून आले. "आईला सांगू नकोस. ती म्हणेल, सोडून दे."

 प्रल्हादला वाटलं, आपणच म्हणावं, सोडून दे बाई, टेबल टेनिस खेळ. पण पोरीच्या तोंडाकडे बघून त्याची जीभ रेटेना. आणि शिवाय, अहो, त्याला प्रश्न पडला होता! डोळे मिटतात ते भीतीने की मास्कमुळे?

लॉकडाऊन लागला. रस्त्यावर गाड्याच नाहीत तर ठोकणार कोण? वर्कशॉपच्या शिफ्ट्स कमी झाल्या आणि प्रल्हादच्या चौकसपणाला मोकळं रान मिळालं. नेटवर शोधता शोधता त्याला सापडला दुसऱ्या राज्यातल्या टूवूंबाचा डेस. हा म्हातारा शेतावरच्या फायबरग्लासच्या टाक्या बनवायचा आणि नातू गोली झाल्यापासून शेडमध्ये गोलींचे मास्क बनवायला लागला होता. प्रल्हादने व्हिडिओ कॉलवर त्याला प्रश्नांनी भंडावून सोडलं. एरवी लोक कंटाळतात, पण डेस पडला एकटा, बोलायला माणूस हवाच होता. दोघांचं मेतकूट जमलं.

"ढगळ मास्क दोनदा मारतो, मेट," डेस म्हणाला. "एकदा पक मास्कला मारतो, मग मास्क तोंडाला. पोरगी पकला घाबरत नाही, दुसऱ्या फटक्याला घाबरते. मला तिचा चेहरा पाठव."

चेहरा पाठव म्हणजे चेहऱ्याचा साचा. राज्यांच्या बॉर्डर बंद, कुणी कुणाच्या घरी जायचं नाही, तेव्हा साचा घरीच काढायचा होता. म्हणजे सुचित्राला सांगणं आलं. डोळ्यांचं सोडून बापलेकीने तिला बाकी सगळं सांगितलं. सुचित्रा वृद्धाश्रमात काम करते, बँडेज बांधण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. डेसने सांगितलं होतं, प्लास्टर चिकटू नये म्हणून चेहऱ्याला व्हॅसलीन लावा. सुचित्राने खोबरेल तेल काढलं. इकडच्या ऑगस्टच्या थंडीत त्याचा पांढरा दगड झाला होता, तो गरम पाण्यात ठेवून वितळवला.

"व्हॅसलीन कशाला? या निमित्ताने पोरीच्या डोक्याला तेल तरी लागेल," असं म्हणत तिने भुवयांना लावता लावता तिची चांगली चंपी करून घेतली, मग स्विमिंग कॅप चढवली. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवून ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या लावत गेली. रुचा गॅरेजमधल्या खुर्चीत मुकाट बसलेली. प्रल्हादने तिचा हात धरला होता. काही हवं असेल तर बोट दाबायचं, असं ठरलं होतं. तिने बोट दाबलं नाही, पण हात सोडलाही नाही.

साचा निघाला. आतून बघितला तर अख्खी रुचा! तिच्या नाकावरचा बारीक उंचवटासुद्धा. प्रल्हाद तो कितीतरी वेळ फिरवून फिरवून बघत बसला. पोस्टात बाईंनी विचारलं, "खोक्यात काय आहे?" तर हा म्हणतो, "माझ्या मुलीचा चेहरा." बाई दोन पावलं मागे सरकल्या. सोशल डिस्टन्सिंगला तसं बरंच झालं.

मास्क तयार होऊन यायला वसंत उजाडला. पांढराफटक, कोरा. जाळी आणि आतली गादी वेगळी. सोबत डेसचा निरोप, "तू पेंटर आहेस. रंग तूच दे." घालून पाहिला तर असा बसला की रुचाने मान जोरात हलवली तरी तसूभर हलला नाही. आता रंग कुठला?

"काळा," रुचा म्हणाली. "अँड नथिंग क्रिंज, प्लीज." म्हणजे बघून लाज वाटेल असलं काही नको.

प्रल्हाद पेचात पडला. एवढी कोरी जागा आणि नुसता काळा? त्या दिवसांत घराजवळ फिरायला तेवढी परवानगी होती. फिरताना त्याला एक सायकलवाला दिसला. त्याच्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला दोन मोठे डोळे चिकटवलेले. मॅगपाय पक्ष्यांची घरटी असतात तेव्हा ते मागून येऊन डोक्यावर झडप घालतात, हे प्रल्हादला ठाऊक होतं, एकदा प्रसादही मिळाला होता. पण डोळे? आता हा गप्प बसणार थोडाच! धापा टाकत त्याने सायकलवाल्याला सिग्नलला गाठलं.

"तुम्ही बघताय असं वाटलं की ते झडप घालत नाहीत," सायकलवाला म्हणाला.

"खरंच नाही घालत?"

"घालतात," सायकलवाला हसला. "पण मला बरं वाटतं."

प्रल्हाद घरी आला तो डोक्यात डोळे घेऊनच. मास्क घासला, प्रायमर मारला, गाडीला देतात तो चकचकीत काळा दिला. मग शून्य नंबरचा ब्रश घेऊन बसला. जाळीच्या वर, कपाळावर, दोन डोळे. इतक्या वर्षांनी हात विसरला असेल अशी त्याला धाकधूक होती, पण श्वास रोखला आणि पापणीची रेघ एका दमात आली. पांढरा, तपकिरी, काळा, आणि शेवटी बुबुळात चमकेचा इवलासा ठिपका. मास्क त्याने गॅरेजमधल्या उंच फळीवर ठेवला आणि स्वतः खाली जमिनीवर मांडी घालून बसला. डोळे थेट त्याच्याकडे बघत होते. इतक्या मायेने बघत होते की गड्याला हुंदकाच फुटला. पोहायला येत असून इतकी वर्षं आपण पाण्यातच उतरलो नाही, असं त्याला वाटलं.

रुचाने पाहिला. उलटसुलट करून पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "ओके. दॅट्स नॉट क्रिंज." पंधराव्या वर्षी याहून मोठी शाबासकी नसते.

वर्षाच्या शेवटी रिंक उघडली. एका मुलामागे एकच पालक आत, तोही तोंडाला मास्क लावून. प्रल्हाद काचेला नाक लावून उभा राहिला. ट्रायल्स पुढच्याच आठवड्यात, आज तिचा बर्फावरचा पहिला दिवस. काळा मास्क झळकवत रुचा गोलमध्ये गेली, गुडघ्यात वाकली, मान पुढे काढली, आणि तिथेच घोटाळा झाला.

डोळे खाली गेले होते. समोरून पोरी चालून येत होत्या आणि त्याचे ते सुंदर डोळे त्यांच्याकडे न बघता बर्फाकडे बघत होते, पेंगल्यासारखे.

"मेट, युअर मास्क इज अस्लीप!" एक पोरगी ओरडली. बाकीच्या खिदळल्या.

प्रल्हादला एका क्षणात सगळं उमगलं. गणपती उंच मखरात बसतो आणि भक्त खाली जमिनीवर. म्हणून पेणची नजर थोडी खाली उतरवलेली. अण्णांनी शिकवलेलं हाताने जसंच्या तसं केलं होतं. पण मूर्ती बसून असते, मूर्ती कधी वाकते का? करायला गेला गणपती अन् झाला मारुती! आपल्या हौसेपायी पोरीचं हसं झालं, तेही ट्रायल्सच्या तोंडावर. त्याला तिथल्या तिथे तो मास्क काढून घ्यावा, रात्रीत रंग खरवडून काढावा असं झालं.

तेवढ्यात सगळ्यांत उंच पोरगी पक घेऊन निघाली. हात मागे गेला. प्रल्हादला एवढंच बघायचं होतं, जाळीमागचे ते दोन डोळे उघडे राहतात की नाही. आठ-नऊ महिने याच एका प्रश्नाने त्याचा जीव खाल्ला होता. काठी बर्फावर कडाडली.

ठाक!

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पक कोपऱ्यात घरंगळत होता. रुचा उभी होती, तिच्या मास्कवर कपाळाच्या कडेला एक पांढरा ओरखडा उठला होता. प्रल्हादला मात्र काहीच दिसलं नव्हतं.

ब्रेकमध्ये रुचा काचेपाशी आली आणि मास्क वर केला. तोंड लालबुंद, नाक शाबूत.

"सॉरी गं," प्रल्हाद काचेच्या फटीतून घाईघाईने म्हणाला. "नजर चुकली माझी. आज घरी गेल्यावर नवीन डोळे काढतो. समोर बघणारे."

"कशाला? पक खालीच असतो, बाबा. कोच नेहमी तेच ओरडते, आइज ऑन द पक. माझ्या टीममध्ये एकट्या याच्याच लक्षात राहिलंय." तिने मास्कवर टकटक केलं. "हात नाही लावायचा त्याला."

"बरं," प्रल्हाद म्हणाला. आयुष्यभर वाटेल त्याला वाटेल ते विचारणारा हा माणूस, पण आज त्याच्या तोंडून प्रश्न फुटेना. उत्तर नको ते आलं तर? तो नुसता काचेवर बोटाने रेघा ओढत राहिला.

"विचार ना," रुचा म्हणाली.

"काय?"

"उजवीकडून आला," ती म्हणाली. "तिच्या काठीच्या टोकावरून. सरळ नव्हता, कडेवर उभा राहून लडखडत होता, आणि त्याच्यावर पिवळ्या रंगाचा डाग होता. पार इथे लागेपर्यंत दिसत होता."

प्रल्हादने वळून कोपऱ्यात बघितलं. पक तिथेच पडला होता. त्यावर पिवळा डाग होता.

"म्हणजे उघडे होते?" त्याचा आवाज चिरकला.

"माझे होते," रुचा हसत म्हणाली. "लागल्यावर मी पहिलं तुझ्याकडे बघितलं. तुझे गच्च मिटलेले होते, बाबा."

तिने मास्क खाली ओढला आणि वळून गोलकडे गेली. पुढच्या शॉटला प्रल्हादने काचेची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न केला.