प्रिय पर्यटक, खोली उपलब्ध नाही

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये किस्से उंदरांसारखे वाढतात. एक बाहेर काढला की त्याच्या मागून दोन येतात. मी तशी चारचौघांत बोलत नाही. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानाही माझा आवाज बाकाखालीच राहतो. पण हे किस्से पोटात ठेवले तर तिथेही पिल्लं घालतील, म्हणून लिहून टाकते.

आमची शाळा जव्हारची, फक्त मुलींची. मी खोडाळ्याची आणि माझी मैत्रीण संगीता साखरशेतची. दोघी शाळेच्याच वसतिगृहात राहतो. कॉम्प्युटर रूममध्ये कॉम्प्युटर सहा, त्यांतले चालू चार. आम्हाला शिकवणारे सर एक, आणि ते नेहमी चालू.

यंदा पावसाळ्यात व्हरांड्यातल्या पोषण आहाराच्या तांदळाला ओल लागली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, गोण्यांसाठी कोरडी खोली शोधत शोधत आमच्या दारात आल्या. खोली बघितली, छत बघितलं, भिंतीवर हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत गोण्या रचून झाल्यासुद्धा!

सर म्हणाले, बाई, मुली इथं शिकतात. बाईंनी विचारलं, काय शिकतात ते दाखवा. सरांनी घाईघाईत शाळेचा मेल उघडला, आणि घात झाला. न वाचलेले मेल चारशेच्या वर!

त्यातले निम्म्याहून जास्त पर्यटकांचे होते. कुणीतरी इंटरनेटवर जव्हारच्या माहितीखाली आमच्या शाळेचा पत्ता टाकला होता. ‘दोन दिवसांसाठी खोली उपलब्ध आहे का?’ ‘शिरपामाळला गाडी जाते का?’ ‘सूर्यास्त किती वाजता असतो?’

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि निकाल दिला. “दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ही मेलची पेटी रिकामी झाली, तर खोली तुमची. नाहीतर तांदळाची.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. कारण मला बोलता येतं अशी ती एकच खोली होती. तिथं मी बोटांनी बोलायचे.

*

उत्तरं द्यायला सुरुवात केली ती आमच्या क्लार्क सुनंदाताईंनी. त्यांचा टायपिंगचा वेग असा, की की-बोर्डवर पापड लाटल्यासारखा आवाज येतो. त्यांनी ऑफिसातल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये एक सुंदर पत्र टाईप केलं, उचलून मेलमध्ये चिकटवलं आणि पाठवलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून एका काकांचा शाळेत फोन आला. काका भारावून गेले होते. पत्र मिळालं, पण एक अक्षर कळलं नाही, म्हणाले. उलटी इंग्रजी अक्षरं, मध्ये कंस, मध्ये डॉलरचं चिन्ह. मग त्यांनी अदबीनं विचारलं, “ही तुमच्याकडची बोली का हो? लिहितात कशी, शिकवाल का?”

सरांनी त्याच दिवशी जाहीर केलं की यापुढे मजकूर साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच लिहायचा, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तो तसाच वाचता येईल. सजावट नको, फॉन्ट नको, नुसती अक्षरं.

आता एडिटर कोणता, हा प्रश्न उरला. आणि इथून आमची भांडणं सुरू झाली!

*

सरांनी दोन एडिटर दाखवले. एक पूर्ण काळा. त्यात माऊस चालत नाही, सगळं की-बोर्डवरून, आज्ञा दिल्यासारखं. दुसरा रंगीत. डावीकडे फायलींची यादी, वर बटणं, चूक केली की खाली लाल रेघ.

मी रंगीत घेतला. संगीतानं काळा घेतला आणि आठवड्याभरात ती त्यात अशी पळू लागली, जशी पावसात ती घरच्या बांधावरून पळते. मी अजून बटण शोधत असायचे.

“तुझा एडिटर म्हणजे लग्नाचा मांडव हाय,” ती म्हणाली. “तोरणं भरपूर, बसायला जागा नाय.”

मी रंगीत एडिटरमध्ये टाईप करून स्क्रीन तिच्याकडे वळवली. ‘तुझा म्हणजे विहीर. आत काय आहे ते पडल्यावरच कळतं.’

ते आठवड्यानं खरं ठरलं. आमच्या जुन्या पत्रांवर खाली सगळीकडे ‘मुख्याध्यापक’ होतं, आणि आता तर मोठ्या बाई आल्या होत्या. संगीतानं काळ्या एडिटरमध्ये एकच आज्ञा दिली आणि चाळीस फायलींतला मुख्याध्यापक एका सेकंदात मुख्याध्यापिका झाला. मी तोवर तिसऱ्या फायलीत होते. ती खुर्चीत गोल फिरली.

त्या चाळीसांत एक पत्र शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या गुरुजींच्या सत्काराचं निमंत्रण होतं. ते न वाचताच गेलं. ‘आमच्या लाडक्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून आपण व्यासपीठावर विराजमान व्हावे.’

गुरुजी सत्तरीच्या पुढचे, मिश्या अजून पिळदार. त्यांचं उत्तर एका ओळीत आलं. “येतो. साडीचा रंग कळवावा.”

*

मग सरांनी टेम्प्लेट आणि मॅक्रो शिकवले. म्हणाले, लग्नाची पत्रिका बघितली ना? मजकूर छापलेला, वर नावाची जागा कोरी. तसंच हे. टेम्प्लेट म्हणजे पत्रिका, आणि मॅक्रो म्हणजे ती कोरी जागा. फक्त नाव आपण लिहायचं नाही, मेलचा प्रोग्रॅम आलेल्या मेलवरून स्वतः भरतो.

मला इतका आनंद झाला की मी जागच्या जागी उठून उभी राहिले. सर म्हणाले, काही विचारायचंय का? मी परत बसले.

एक टेम्प्लेट, आणि पन्नास जणांना त्यांच्या त्यांच्या नावानं उत्तर! आम्ही ‘प्रिय’ लिहून पुढे नावाचा मॅक्रो लावला आणि बटण दाबलं.

मॅक्रो पाठवणाऱ्याच्या नावातला फक्त पहिला शब्द उचलतो, हे आम्हाला नंतर कळलं. एका डॉक्टरांना ‘प्रिय डॉ.’ गेलं. एका साहेबांना ‘प्रिय श्री.’ गेलं. आणि ठाण्याच्या एका ट्रेकिंग ग्रुपनं आपलं नाव ‘भटके कावळे’ ठेवलं होतं, त्यांना शाळेच्या नावानं आणि मोठ्या बाईंच्या सहीनं गेलं, ‘प्रिय भटके’.

बाईंनी ते वाचलं आणि सांगितलं, नाव-बिव नको, सरसकट ‘प्रिय पर्यटक’ लिहा. पर्यटक म्हटल्यावर कुणाला राग येत नाही.

*

सुनंदाताईंची अडचण वेगळीच होती. शाळेच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे त्यांचे मिस्टर. प्रत्येक नोटिशीत अध्यक्षांचं नाव लागतं. आणि ताई मिस्टरांचं नाव घेत नाहीत. तोंडानंही नाही, बोटांनीही नाही. इतकी वर्षं त्या तेवढी जागा मोकळी सोडायच्या आणि व्हरांड्यातून जाणाऱ्या एखाद्या मुलीला हाक मारायच्या, “ए बाळा, एवढं नाव टाईप कर गं.”

मी त्यांच्यासाठी मॅक्रो केला. ‘अध्य’ लिहायचं आणि एक बटण दाबायचं, की पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं हजर. ताईंनी पहिल्यांदा बटण दाबताना डोळे मिटले. उघडले तर नाव समोर! त्या लाजल्या, अगदी नव्या नवरीसारख्या.

“मी नाही घेतलं हं,” त्या मला म्हणाल्या. “मशीननं घेतलं.”

मग त्यांना चटकच लागली. नोटीस नसली तरी त्या मधूनच बटण दाबून बघायच्या. एकदा मी बघितलं, तर त्यांच्या स्क्रीनवर तेच नाव अकरा वेळा, एकाखाली एक.

*

मॅक्रोंमध्ये मला सगळ्यांत आवडायचा तो कर्सरचा. टेम्प्लेट उघडलं की कर्सर नेमका त्या जागी जाऊन थांबतो जिथं आपल्याला लिहायचं असतं. जणू कुणी बाजूला सरकून म्हणतंय, हं, आता तू बोल.

मोठ्या बाईंसमोर उभं राहून मला काही मागता येत नाही. म्हणून मी एक टेम्प्लेट केलं. ‘आदरणीय बाई, आज’, मग वाराचा मॅक्रो, ‘आहे. आम्हाला’, मग कर्सर, ‘हवे आहे.’ कधी खडू, कधी वायर, कधी फॅन दुरुस्ती. बाईंचं ऑफिस भिंतीपलीकडे. मी इकडून मेल पाठवायचे आणि त्या तिकडून ओरडायच्या, “घेऊन जा!”

एकदा घाईत मी कर्सरच्या जागी काही लिहिलंच नाही. मेल गेला, ‘आदरणीय बाई, आज गुरुवार आहे. आम्हाला हवे आहे.’

पलीकडून ओरडणं आलं नाही. मेल आला. “मलाही.”

*

दिवाळी जवळ आली. मेल चारशेवरून साठावर आले, पण नवे रोज येतच होते. पाऊस उघडला की पर्यटक वाढतात. संगीताची नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कापणीची रजा लागायची होती. ती जाण्याआधी आम्ही शेवटचा डाव टाकला. मेलच्या प्रोग्रॅमला नियम घालून दिला, की ज्या मेलमध्ये ‘खोली’ आणि ‘उपलब्ध’ हे दोन्ही शब्द असतील, त्याला आमचं टेम्प्लेट आपोआप जाईल. आम्ही असो वा नसो.

टेम्प्लेट मी लिहिलं. ‘प्रिय पर्यटक, आपण विचारलेली खोली उपलब्ध नाही. ही मुलींची शाळा आहे आणि त्या खोलीत मुली शिकत आहेत. तरी आपण जव्हारला जरूर यावे. शिरपामाळला ऊन लागते, येताना टोपी आणि पाण्याची बाटली आणावी.’

संगीतानं वाचलं आणि मान हलवली. “यायला सांगतंस नि जेवणाचं विचारत नाय? आमच्याकडं असं केलं तर आई मला घरात घेणार नाय.” तिनं माझ्या रंगीत एडिटरमध्ये, मोठ्या नाराजीनं, शेवटची ओळ घातली. ‘नागलीची भाकरी खायची असल्यास एक दिवस आधी कळवावे.’

खाली बाईंच्या सहीचा मॅक्रो. झालं.

दोन दिवसांत पेटी खाली आली. पंधरा, नऊ, चार, शून्य. मी मोजत होते.

बुधवारी सकाळी बाई आमच्या खोलीत आल्या, चेहरा गंभीर. म्हणाल्या, वरच्या ऑफिसातल्या साहेबांचा काल फोन होता. धान्य ठेवायला शाळांमधल्या रिकाम्या खोल्यांची यादी ते करताहेत, त्याचं पत्र आज मेलवर येईल. पेटी तुम्ही रिकामी केलीत, मी शब्द पाळला असता. पण आता साहेब ठरवतील ते. मी ‘खोली आहे’ असं लिहून देणार आहे, मला खोटं लिहिता येत नाही.

सरांनी मेल उघडला. पत्र आलेलंच होतं, दहा वाजून चार मिनिटांनी. ‘धान्य साठवणुकीसाठी आपल्या शाळेत खोली उपलब्ध आहे किंवा कसे, ते तात्काळ कळवावे.’

आणि त्याच्याखाली आमचं उत्तर. तेही दहा वाजून चार मिनिटांनी.

बाईंनी ते पहिल्या शब्दापासून वाचलं. मोठ्यानं. ‘प्रिय पर्यटक’पासून भाकरीपर्यंत, आणि मग स्वतःची सही. त्या खाली बसल्या. सर भिंतीकडे बघू लागले.

संगीता हळूच म्हणाली, “तात्काळ तर कळवलं.”

बाई माफीचं पत्र सांगू लागल्या आणि मी टाईप करू लागले. ‘महोदय, अनवधानाने’ इथपर्यंत आले, तोच साहेबांचा मेल आला. सगळे माझ्या खुर्चीमागे गोळा झाले. मेल एवढाच होता, “उद्या येतो. भाकऱ्या दोन.”

त्या दिवशी वसतिगृहाच्या मामींनी नागली तीन वेळा चाळली. बाईंनी व्हरांडा दोनदा झाडून घेतला. सुनंदाताईंनी संकटात कुणाचं तरी नाव घ्यायचं असतं म्हणून ‘अध्य’चं बटण दाबलं.

गुरुवारी जीप फाटकात थांबली. साहेब उतरले. डोक्यावर टोपी, काखेत पाण्याची बाटली.

ते ऑफिसात गेले नाहीत, थेट आमच्या खोलीत आले. चार चालू कॉम्प्युटरवर आठ मुली बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, ते पत्र कुणी लिहिलं? संगीतानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी उभी राहिले. कर्सर जागेवर येऊन थांबला होता, पण लिहायचं काय ते आठवेना.

“कशात लिहिलं?” साहेबांनी विचारलं.

“रंगीत एडिटरमध्ये,” मी म्हणाले. आवाज बाकाच्या वर, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“शेवटची ओळ माझी हाय,” संगीता म्हणाली.

साहेबांनी तिथंच स्टुलावर बसून दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या, ठेच्यासकट. हात धुतले. मग शाळेची भेट-वही मागवली. तिच्यात रकाने असतात: दिनांक, नाव, हुद्दा, शेरा. ते बराच वेळ लिहीत होते. वही मिटून त्यांनी बाईंच्या हातात दिली, टोपी घातली आणि गेले.

जीप फाटकाबाहेर पडल्यावर बाईंनी वही उघडली. आम्ही त्यांच्या खांद्यावरून वाकलो.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘खोली उपलब्ध नाही. मुली शिकत आहेत.’

आणि हुद्द्याच्या रकान्यात, ‘पर्यटक’.