ताईने छताचा दात भरला

माझी थोरली बहीण एकतीस वर्षं दातांच्या एका दवाखान्यात मदतनीस होती. डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत हवी ती वस्तू त्यांच्या तळहातावर असायची. आरसा, चिमटा, कापूस. डॉक्टर मान वळवून बघतसुद्धा नसत. एकतीस वर्षांत तिने हजारो दात भरताना पाहिले, पण स्वतः एकही भरला नाही. तिचं काम फक्त देण्याचं.

मेहुणे गेल्यावर ती भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली. तिथल्या न्हाणीघरात दिव्याचं बटण छताला आहे. ओला हात भिंतीवरच्या बटणाला लागू नये म्हणून ती सोय. खाली दोरी लोंबते, ती ओढली की दिवा लागतो, पुन्हा ओढली की विझतो. एका सोमवारी सकाळी ताईने दोरी ओढली आणि बटणच खाली आलं. छताच्या फळीतले दोन्ही स्क्रू निसटले आणि बटणाची डबी तारांवर लोंबकळू लागली.

नेमका त्याच वेळी तिच्या लेकीचा फोन आला, आणि ताईला थापा मारता येत नाहीत.

"आई, बस्स झालं आता," भाची म्हणाली. "मालकीणबाई महिनाभर नुसतं 'बघते, बघते' करतील. मग तू चढशील स्टुलावर आणि पडशील. शनिवारी येते मी बॅगा घेऊन. तोवर नीट झालं नसेल, तर तू माझ्याकडे. कायमची."

"आणि झालं असेल तर?"

"तर हा विषय पुन्हा काढणार नाही."

भाची शब्दाची पक्की आहे. आईवर गेली आहे.

बुधवारी एक वायरमन येऊन गेला. त्याने दारातूनच वर पाहिलं, फळी कुजली आहे, सगळं छत उघडावं लागेल, पुढच्या महिन्यात बघू, असं सांगितलं आणि निघून गेला. मग ताईने मला फोन केला.

"धाकट्या, लेक माझी गुणाची आहे. पण तिच्या घरी मी एक तर पाहुणी होईन, नाहीतर मदतनीस. मदतनीस होऊन झालंय माझं. उद्या रजा टाक आणि शिडी घेऊन ये."

मी एकोणसाठ वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. ताईच्या लेखी मी अजून धाकटाच.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. वस्तूवर नावाची चिठ्ठी डकवली की तिची काळजी मिटली, असं मला वाटतं. ताई इथे राहायला आली तेव्हा तिच्या मीटरच्या पेटीतल्या प्रत्येक खटक्याखाली मीच सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लावल्या होत्या. गुरुवारी सकाळी मी आधी मालकीणबाईंची फोनवरून परवानगी घेतली. "तारा बदलणार नसाल तर करा बाई, पण मला मध्ये ओढू नका," त्या म्हणाल्या. मग 'न्हाणीघर' लिहिलेला खटका खाली पाडला आणि शिडीवर चढलो.

"थांब," खालून ताई म्हणाली. "आधी टेस्टर लाव."

"ताई, खटका बंद केलाय. चिठ्ठी आहे त्यावर."

"इंजेक्शन दिल्यावर आमचे डॉक्टर काय करायचे? टोचून विचारायचे, दुखतंय का म्हणून. बधिर झालं असेलच, असं धरून चालायचं नसतं. आणि तो फ्रिज का गप्प झाला रे?"

मी टेस्टर लावला. त्यातला दिवा लख्ख पेटला. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर या दोन चिठ्ठ्यांची मी अदलाबदल केली होती, आणि चार वर्षं त्या तशाच दिमाखात चिकटून होत्या.

"अक्षर मात्र छान आहे हो," ताई म्हणाली आणि जाऊन मेन स्विचच बंद करून आली.

मी खिशातून जाड, लांब स्क्रू काढले. मोठा स्क्रू, मोठी पकड, असा माझा हिशेब. तीन आटे झकास गेले. चौथ्याला लाकडाचा भुसा माझ्या डोळ्यांत आणि स्क्रू खालच्या बादलीत.

"उतर खाली. पोकळ दातात खिळा ठोकतोयस."

"ताई, तू सहासष्ट वर्षांची आहेस."

"म्हणून तर शिडी दोन्ही हातांनी धर."

ती वर चढली. निरोपाच्या दिवशी डॉक्टरांनी दिलेला लांब दांड्याचा छोटा आरसा तिने डबीमागे धरला, टॉर्च मारली आणि बराच वेळ डोकावत राहिली.

"फळी कुठे कुजलीय? ठणठणीत आहे. नुसती भोकं झिजलीत. त्या वायरमनने तोंडात न डोकावताच दात काढायला सांगितला!"

मग तिने लहान ब्रशने दोन्ही भोकं साफ केली आणि कापूस फिरवून कोरडी केली. आगकाड्यांची गुलं मोडून ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

"काडी," ती म्हणाली आणि खाली न बघता हात पुढे केला.

मी काडी सुतारकामाच्या डिंकात बुडवून तिच्या तळहातावर ठेवली.

"उशीर करतोयस. काडी."

पाचव्या काडीपासून मी तिने मागायच्या आत द्यायला लागलो. भोकं गच्च भरल्यावर तिने वर आलेली टोकं सुरीने छाटली आणि तारांना चिकटपट्टी गुंडाळली. न्हाणीघराचा खराखुरा खटका तेवढा बंद ठेवून बाकीची वीज सुरू केली.

"आता चोवीस तास त्या बाजूने चावायचं नाही," ताई छताला म्हणाली.

शुक्रवारी तिने पुन्हा टेस्टर लावून पाहिला आणि जुनेच छोटे स्क्रू घेतले. काड्यांच्या मधोमध दाभणाने टोचून, डबी जागेवर धरून ती स्क्रू हळूहळू पिळत गेली. अर्ध्यावर तिचे ओठ आवळले गेले, मनगट वळायला जोर लागू लागला.

"धरलं रे! धरलं!"

मी खटका वर केला. तिने दोरी ओढली. खट. दिवा लागला. खट. विझला. मी मोजलं, तिने अकरा वेळा ओढली. मग मला पेन आणून दिलं आणि चिठ्ठ्या बदलून घेतल्या.

शनिवारी भाची दोन रिकाम्या बॅगा घेऊन आली आणि थेट न्हाणीघरात शिरली. तिने दोरी आधी हळू ओढली, मग जोरात, मग मुद्दाम तिरपी. छत ढिम्म हललं नाही.

"मामा, तुम्ही केलंत?"

"मी काड्या दिल्या."

भाची आईकडे बघत राहिली. मग बाहेर येऊन खुर्चीत बसली आणि पाणी प्यायली.

"बरं, हरले," ती म्हणाली. "पण आई, आमच्या पडद्याची दांडी महिनाभर अशीच लोंबतेय गं. हे म्हणतात, मोठे स्क्रू आणू."

"जावईबापू पण वाणिज्य शाखेचेच वाटतं!" ताई खो खो हसली.

तिने भाचीची एक बॅग उघडून त्यात डिंकाची बाटली, काडेपेटी, दाभण आणि आरसा ठेवला. दुसरी बॅग घडी करून लेकीच्या हातात दिली.

"आज भोकं भरू, उद्या दांडी बसवू. पण उद्या संध्याकाळी मला इथे आणून सोडायचं."

"सोडते बाई."

ताईने घराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"धाकट्या, शिडी," ती मागे न बघता म्हणाली.

शिडी मी आधीच खांद्यावर घेतली होती.