सुमनची आई दारात बसली की

सुमनच्या आईइतकी चिवट बाई भीमेच्या दोन्ही काठांवर दुसरी झाली नसेल. सुमन माझी वर्गमैत्रीण. वडगाव रासाईच्या शाळेत आम्ही एकाच सतरंजीवर बसायचो; घरं मात्र गावाच्या दोन टोकांना, तिचं बौद्धवस्तीत, माझं पाटलांच्या आळीत. तिच्या आईला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण गावातल्या झाडून सगळ्या पोरींची हजेरी तोंडपाठ. खुरपायला जाताना ती शाळेच्या खिडकीतून डोकवायची आणि एखादी पोरगी दिसली नाही की संध्याकाळी तिच्या दारात हजर. भांडण नाही, रडणं नाही. अंगणात मांडी ठोकायची आणि त्या घरच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायला घ्यायची. "पोरगी उद्या साळंत येनार म्हना, मी लगीच उठते." एका म्हाताऱ्यानं तर तिला लांबून येताना पाहूनच हात जोडले, "येनार, येनार! तू बसू नगंस!"

वाटेत भेटली की विचारायची, "आज काय शिकलीस?" मी एकदा सांगितलं, पृथ्वी गरगर फिरते. तिनं खुरपं खाली ठेवलं. "आन् आमी म्हनतोय, कमरंला कळ का लागती!" त्या आठवड्यात शेतावरच्या सगळ्या बायकांच्या कमरेचं खापर पृथ्वीवर फुटलं.

आम्ही सातवी पास झालो. पुढची शाळा शिरूरला, एसटीनं तासाभराची वाट. सुमन निघाली. मला दौंडकडचं एक स्थळ सांगून आलं होतं, म्हणून आप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझं दप्तर माळ्यावर टाकलं. दुसऱ्या सकाळी सुमनची आई आमच्या अंगणात.

आप्पा गरजले, "तुझ्या लेकीचं तू बघ. माझ्या पोरीत तुझं काय हाय?"

"आप्पा, दोघी संगं शिकल्या. एक माघारी राहिली तर दुसरीला तरी काय गोड लागंल?" असं म्हणून ती बसली.

ऊन चढलं. ती हलेना. आमच्याकडं तिला पाणी द्यायचं ते वरून, ओंजळीत. त्या दुपारी माझी आई, जिनं आप्पांसमोर कधी मान वर केली नव्हती, पितळी पेला भरून बाहेर आली आणि तो तिच्या हातात दिला. सुमनची आई पेल्याकडं बघतच राहिली. मग तोंड लावून सावकाश प्याली. आई तिच्या शेजारी मांडी घालून बसली.

"मीबी न्हाई उठत आता," आई म्हणाली. "मला न्हाई शिकू दिलं कुनी. हिला जाऊ द्या."

आप्पांनी ओट्यावर किती येरझाऱ्या घातल्या! चूल थंडच होती. दिवस कलला तेव्हा ते कुणाकडंच न बघता पुटपुटले, "जाऊ दे पोरीला. उठा आता दोघी."

जूनमध्ये शिरूरच्या एसटीत आम्ही दोघी होतो. पुढच्या वर्षी सात जणी.

सुमनची आई गेली तेव्हा मी दौंडला शाळेत शिकवत होते. निरोप उशिरा मिळाला; पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. सुमन आणि मी नदीकाठी बसलो. ती म्हणाली, "लहानपणी मला फार राग यायचा गं. आई माझ्या एकटीची कधी नव्हतीच."

मी तिचा हात धरला. तिची माफी मागावी की आभार मानावेत, ते मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळत नाही.